पंचाच्या जर्सीचा रंग

पंच होऊ पाहणारा एक लाजाळू तरुण एकदा जर्सी विकत घ्यायला दुकानात गेला आणि दुकान दुपारचं बंद व्हायची वेळ झाली तरी त्याचा रंग ठरला नाही.

ते गाव फुटबॉलचं होतं. तिथली माणसं गूळ विकत, चपला शिवत, शाळेत शिकवत. पण संध्याकाळ झाली की सगळ्यांच्या तोंडी विषय एकच. प्रत्येक पेठेची एक तालीम, प्रत्येक तालमीचा एक संघ आणि प्रत्येक संघाचा एक रंग. वरच्या पेठेचा लाल, खालच्या पेठेचा निळा, तळ्यावरच्या तालमीचा पिवळा, कमान चौकाचा काळा आणि पिंपळ गल्लीचा हिरवा. हे रंग जर्सीपुरते राहत नसत. रिक्षाच्या हुडावर, दाराच्या चौकटीवर, गणपतीच्या मांडवावर ते चढलेले असत. वरच्या पेठेतल्या एका नवरदेवाने सासरहून आलेला निळा शेला खांद्यावर घ्यायला साफ नकार दिला होता आणि भटजींनी मुहूर्त टळतोय म्हणून स्वतःचं उपरणं काढून त्याला दिलं होतं. ही गोष्ट त्या गावात विनोद म्हणून सांगत नसत.

अशा गावात रणधीरला पंच व्हायचं होतं. नाव रणधीर असलं तरी चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटे. झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता, तिथेही गिऱ्हाईक काय म्हणालं ते तो मान हलवूनच ऐकून घेई. पण शिट्टी तोंडात असली की बोलावं लागत नाही, आणि तरीही तिचं सगळ्यांना ऐकावं लागतं. जगात एवढं एक काम आपल्याला नीट जमेल, असं त्याला मनापासून वाटे. दोन वर्षं त्याने रेषेवर निशाण धरलं, पंचांची परीक्षा दिली, आणि आता त्याला पहिला सामना मिळणार होता. संघटनेच्या सेक्रेटरींनी बजावलं होतं, "हा सामना नीट पार पडला तर पुढं बघू. मैदानात गोंधळ झाला तर परत निशाण धरायचं, आणि तेच धरून म्हातारं व्हायचं."

पंचाने जर्सी स्वतःची आणायची, ही तिथली रीत. दोन्ही संघांपेक्षा वेगळ्या रंगाची हवी, एवढीच अट. रणधीरची ऐपत यंदा एका जर्सीची होती.

खेळाच्या सामानाचं दुकान मुल्लाणी चाचांचं. चाचांनी पिवळी जर्सी फळीवर पसरली. रणधीर म्हणाला, "ही घातली तर तळ्यावरच्या तालमीनं मला पोसलंय म्हणतील." काळी काढली. "कमान चौक." निळी काढली. त्याने नुसती मान हलवली. लाल काढली तेव्हा तो एक पाऊल मागेच सरला, कारण तो स्वतः पिंपळ गल्लीचा, त्याचा थोरला भाऊ गल्लीच्या संघाचा गोलकीपर, आणि पिंपळ गल्लीचं वरच्या पेठेशी वैर इतकं जुनं, की ते कशावरून पडलं हे सांगू शकणारं कुणी उरलं नव्हतं.

"मग हिरवी घे. गल्लीचीच हाय," चाचा म्हणाले.

"मग तर झालंच. नाणं उडवायच्या आधीच दगड पडतील."

"पांढरी?"

"पाहुण्या संघांची."

"केशरी?"

"लांबनं लाल दिसतीय."

"गुलाबी?"

शेजारी बॅडमिंटनची फुलं घ्यायला आलेला एक जण हसला, तेच उत्तर झालं.

चाचांनी जर्सी घडी न करताच बाजूला सारल्या. "बाळा, देवानं केले एवढेच रंग हैत. त्याच्या भाईरचा मी कुठनं मागवू?"

रणधीर चिडला, पण चिडल्यावरही त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून तो तसाच निघाला तो थेट मैदानावर गेला.

मैदानावर सर्जेराव आबा फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, रेषा आखत होते. गावात त्यांच्याइतका जुना पंच दुसरा नव्हता. गुडघ्यांमुळे त्यांनी मोठे सामने सोडले होते, पण सरावाच्या सामन्यांना शिट्टी अजून त्यांचीच असे. रणधीरला शिट्टी वाजवायलाही त्यांनीच शिकवलं होतं. तेही पिंपळ गल्लीचे. म्हणजे हा पेच त्यांनाही कधीतरी पडला असणार, असा रणधीरचा हिशेब होता.

"आबा, जर्सी घ्यायचीय. कुठला रंग घेऊ?"

आबांनी फक्कीची पाटी खाली ठेवली. "सामना कुणाचा?"

"ते अजून ठरायचंय. मी जर्सीचं विचारतोय."

"व्हय. सामना कुणाचा?"

"आबा, कुणाचा का असंना. वरीसभर चालंल असा एक रंग सांगा. ज्यावर कुणी बोट ठेवणार न्हाई असा."

आबांनी त्याच्या हातात दोरीचं टोक दिलं. "त्या खांबापाशी धर. ताण जरा." रणधीर दोरी ताणून उभा राहिला आणि आबा वाकून फक्की टाकत त्याच्यापर्यंत आले. पेनल्टीच्या चौकोनाची बाजू पुरी झाली. आबांनी कंबर धरून सरळ होत विचारलं, "हां, काय म्हणत हुतास?"

"रंग. जर्सीचा रंग," रणधीर दात आवळून म्हणाला.

"सामना कुणाचा?"

रणधीरने दोरी खाली टाकली. म्हातारपणी माणसाचे कान जातात हे त्याला ठाऊक होतं. आता त्याला वाटलं, कानाबरोबर बाकीचंही जातं. त्याने आबांना नमस्कार केला, कारण तो केल्याशिवाय मैदान सोडायची त्याला सवय नव्हती, आणि सगळी वाट मनातल्या मनात भांडत घरी गेला. या गावात सरळ प्रश्न विचारणंच गुन्हा आहे, असं त्याचं मत झालं.

घरी दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, जेवताना विचारलं, "काय, मिळाला का न्हाई रंग? का उघडाच पळणारायस?"

दुसऱ्या दिवशी मुल्लाणी चाचांना माळ्यावरच्या गठ्ठ्यात एक जर्सी सापडली. कंपनीकडून चुकून आलेली, राखाडी. चाचांना ती कधी विकता आली नव्हती, कारण त्या रंगाचा संघ गावात नव्हता. रणधीरने ती हातात घेतली आणि त्याचं मन एकदम हलकं झालं. कुणाचीच नाही. कुणाच्या दारावर नाही, मांडवावर नाही, रिक्षावर नाही. त्याने ती तिथेच अंगात घातली.

"बघ बाबा," चाचा म्हणाले, "मला तर धुरागत दिसालायस. पण तू खूश तर मी खूश."

संध्याकाळी वरची पेठ आणि खालची पेठ यांचा सरावाचा सामना होता. रणधीर राखाडी जर्सी घालून आबांसमोर उभा राहिला. आबांनी त्याला खालून वर, वरून खाली पाहिलं. रणधीर वाट पाहत होता, की आता ते काहीतरी म्हणतील. आबांनी गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातात दिली.

"आज तू धर," एवढंच म्हणाले आणि जाऊन पायऱ्यांवर बसले.

त्या मैदानाच्या तिन्ही अंगांना सिमेंटच्या पायऱ्या आहेत. वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्यांचा रंग राखेसारखा झालाय. चौथ्या अंगाला रस्ता आणि रस्त्याची धूळ. सूर्य कलला, पोरं पळायला लागली, धूळ उडाली, आणि राखाडी जर्सीतला रणधीर त्या पायऱ्यांत आणि धुळीत मिसळून गेला.

त्याला हे लगेच कळलं नाही. त्याला एवढंच कळलं, की खालच्या पेठेचा एक पोरगा चेंडू घेऊन मान खाली घालून आला आणि सरळ त्याच्या छातीवर आदळला. "पंच हाईस व्हय," पोरगा उठत म्हणाला, "मला वाटलं पायऱ्याच हैत." मग वरच्या पेठेच्या एका खेळाडूने पाय घातला, रणधीरने शिट्टी फुंकली, हात उंचावून दिशा दाखवली. कुणी थांबलंच नाही. पायऱ्यांवरची चिल्लीपिल्ली पिपाण्या वाजवत होती. शिट्टी त्यांच्यातलीच समजून खेळ पुढे गेला. त्याने पुन्हा फुंकली. आता अर्धे थांबले, अर्धे पळत राहिले. लाल कप्तान कमरेवर हात ठेवून चारी दिशांना पाहत ओरडला, "अरे, पंच कुठाय?"

"हितंच हुता की मगाशी," निळ्यांतला एक जण म्हणाला.

"फ्री किक कुणाला दिलीय?"

"आम्हाला."

"तुला कुणी सांगितलं? तुला दिसला काय त्यो?"

रणधीर हात वर करून उभाच होता. त्या हाताकडे कुणी पाहत नव्हतं. लाल पोराने निळ्याला ढकललं, निळ्याने लालची कॉलर धरली, आणि पायऱ्यांवरून दोन्ही पेठांची माणसं चपला हातात घेऊन उठली. रणधीर मध्ये घुसला, तर त्यालाच कुणीतरी कोपर मारलं आणि ज्याने मारलं त्याने 'माफ कर, दिसला न्हाईस' असं म्हणून पुन्हा भांडण सुरू केलं.

तेव्हा आबा उठले. सावकाश मैदानात आले, रणधीरच्या गळ्यातून शिट्टी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, आणि कुणाशी काही न बोलता पायऱ्यांखालच्या सामानाच्या खोलीत गेले. म्हातारा गेला कुठे, म्हणून भांडणारेही जरा सैल पडले.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात हिरवी जर्सी होती.

पिंपळ गल्लीचा माणूस, पिंपळ गल्लीचा रंग, आणि समोर वरची पेठ. याहून वाईट काही त्याच्या मनात येऊच शकत नव्हतं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय याविषयी आता त्याला शंका उरली नाही. आपला रंग चुकला म्हणून म्हातारा स्वतः मार खायला निघालाय, आणि उद्या गाव म्हणणार, रणधीरमुळं झालं.

पायऱ्यांवरून वरच्या पेठेचा एक जण ओरडला, "आबा, गल्लीचा सदरा काढलासा की आज."

"तुझ्या बारशाला हाच घालून आलो हुतो," आबा म्हणाले. "तवा न्हाई बोललास."

लोक हसले. आबांनी शिट्टी फुंकली, निळ्यांकडे बोट करून फ्री किक दिली, आणि खेळ सुरू झाला. रणधीर हात चोळत काठावर उभा राहिला आणि पहिल्या दगडाची वाट पाहू लागला. दगड आला नाही. आबा पळत नव्हते, पळणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. पण लाल आणि निळ्याच्या त्या गर्दीत तो हिरवा ठिपका मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसत होता. पोरं मान वर करत, हिरवं दिसलं की चेंडू दुसरीकडे देत. शिट्टी वाजली की सगळ्यांचे डोळे एकाच जागी जात. लालांनी आबांना शिव्या दिल्या, निळ्यांनीही दिल्या, आणि त्यांतली एकही शिवी हिरव्या रंगाला नव्हती. सामना संपला तेव्हा अंधार पडत आला होता आणि दोन्ही पेठा आपापल्या वाटेने भांडत, पण आपसांतच भांडत, घरी गेल्या.

सामानाच्या खोलीत आबा पत्र्याची ट्रंक उघडून बसले होते. रणधीर दारात आला आणि त्याला दिसलं, की त्या ट्रंकेत लाल, निळी, पिवळी, काळी, सगळ्या जर्सी घडी घालून ठेवलेल्या आहेत. जुन्या, विटलेल्या, काखेत विरलेल्या.

"एवढ्या हुत्या," तो म्हणाला. आज त्याचा आवाज आपोआप वर गेला. "एवढ्या हुत्या आणि मला दोरी धरायला लावलीसा. मला एक रंग सांगायला काय झालं हुतं, आबा?"

"तू रंग कुठं मागितलास?" आबा म्हणाले. "तू आडोसा मागत हुतास."



आबांनी हिरवी जर्सी गुडघ्यावर पसरून घडी घालायला घेतली. "तुला असा रंग पाहिजे हुता, की कुणी बोट ठेवू ने. मिळाला. पर ज्याच्यावर कुणाला बोट ठेवता येत न्हाई, त्यो मैदानात दिसतबी न्हाई. चेंडू घेऊन पळणाऱ्या पोराला मान वर करायला किती सवड असतीया? पापणी लवतीय तेवढी. तेवढ्यात त्याला कळाय पाहिजे, ह्यो माझा न्हाई, ह्यो त्याचा न्हाई, ह्यो पंच. जर्सी त्या पोरासाठी असतीया, रणधीर. तुझ्या अब्रूसाठी न्हाई."

"पण हिरवा, आबा. वरच्या पेठेसमोर."

"हिरवी आज घरी बसलीती. जी मैदानात न्हाईत, त्यांची भीती घेऊन मैदानात उभारायचं न्हाई. सगळ्या गावापासून येगळा असा रंग कुठंच नसतोय, तू हुडकून बघितलासच. आज म्होरं जी दोघं हैत, त्यांच्यापास्नं येगळा असलास की झालं. उद्या दोघं बदलतील, तूबी बदल. शिट्टी तेवढी बदलू नगंस." त्यांनी ट्रंक लावली. "आन मी सांगत हुतोच की. सामना कुणाचा, म्हणून. तुला वाटलं म्हातारं बहिरं झालं."

रणधीरला अगदी तसंच वाटलं होतं.

दोन दिवसांनी सामना जाहीर झाला. रणधीरचा पहिला सामना, तळ्यावरची तालीम विरुद्ध कमान चौक. पिवळा आणि काळा. त्याला दुकानात शिरताना पाहून मुल्लाणी चाचांनी कपाळाला हात लावला.

"आता काय दाखवू? हवेची?"

"लाल द्या, चाचा."

चाचा त्याच्याकडे बघत राहिले. "वरच्या पेठेची? तुझ्या भावाला ठावं हाय काय?"

"सामना तळ्यावरच्या तालमीचा आणि कमान चौकाचा हाय," रणधीर म्हणाला. हे एवढं वाक्य त्याने न अडखळता पुरं केलं.

भावाला ठाऊक नव्हतं. त्याला कळलं ते दोरीवर वाळत घातलेली जर्सी बघून. पिंपळ गल्लीतल्या घराच्या दोरीवर लाल जर्सी, हे दृश्य त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. दादाने ती काढून फेकली नाही. पण त्या रात्री तो आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात जाऊन जेवला. "गल्लीत मला तोंड काढायला जागा न्हाई ठेवलीस," तो आतूनच म्हणाला. रणधीरला खूप सांगायचं होतं. त्याने भाकरी मोडली आणि जेवत राहिला.

सामन्याला दादा आला. पिंपळ गल्लीच्या पोरांत, वरच्या पायरीवर, हाताची घडी घालून बसला. पिवळे आणि काळे मैदानात उतरले आणि त्यांच्यामागून लाल जर्सीतला रणधीर. त्याचे कान त्या जर्सीइतकेच लाल झाले होते. पिंपळ गल्लीच्या पोरांनी हुर्यो केली. मग खेळ सुरू झाला आणि हुर्यो करणारे चेंडू बघू लागले.

शेवटची काही मिनिटं उरली असताना पिवळ्यांच्या बचावपटूने चौकोनात काळ्याला पाडलं. रणधीरने शिट्टी फुंकली आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे हात केला. पिवळा कप्तान मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. तिथून तो न चुकता सरळ रणधीरवर धावून आला. पाठोपाठ चार-पाच जण. "आंधळा हाईस काय? कुठं पाडलं? दाखव की." त्यांचे श्वास रणधीरच्या तोंडावर येत होते. रणधीरची जीभ टाळूला चिकटली होती. पण हात ठिपक्याकडेच होता, आणि तो हात पायऱ्यांवरच्या शेवटच्या माणसालाही दिसत होता. दिसत असल्यामुळे तो खाली घेता येत नव्हता. हे रणधीरला त्या क्षणी कळलं, आणि मग हात खाली घ्यावासा वाटेनासा झाला. पिवळे शिव्या देत मागे हटले. काळ्यांनी गोल केला. पुढे काळ्यांचाच एक गोल त्याने ऑफसाइड म्हणून नाकारला, तेव्हा तेवढ्याच शिव्या दुसऱ्या बाजूने आल्या. सामना संपला. सेक्रेटरींनी वहीत खूण केली आणि पुढचा सामना रविवारी, एवढंच सांगून स्कूटरला किक मारली.

घरी जाताना दादा दहा पावलं मागून चालत होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याने पावलं उचलली आणि बरोबर आला.

"ती पेनल्टी न्हवती," दादा म्हणाला.

"हुती."

दादा थोडं चालला. "लांबनं दिसत हुतास मात्र."

रविवारी रणधीर वेळेआधी मैदानावर गेला. आबा वाकून फक्की टाकत होते. त्याला पाहून त्यांनी दोरीचं टोक पुढे केलं आणि विचारलं, "सामना कुणाचा?"

या वेळी रणधीरला राग आला नाही. "वरच्या पेठेचा आणि तळ्यावरच्या तालमीचा," तो म्हणाला. लाल जर्सी तो आज घरीच ठेवून आला होता. त्याने दोरी खांबापर्यंत ताणून धरली, आणि रेषा पुरी झाल्यावर ट्रंकेतली हिरवी जर्सी मागून घेतली.